बॉइज टाउनची पत्रे: सही पारखण्याचे काम

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात बॉइज टाउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मादाय बालगृहाची पत्रे गोळा करू पाहणाऱ्या संग्राहकाच्या हाती सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात जे येते, ते बहुधा पत्र नसून पत्रासारखे दिसणारे आवाहन असते, आणि त्याच्या तळाशी असलेली ठसठशीत निळी सही ही सही नसून सहीची छपाई असते. एडवर्ड फ्लॅनगन (१८८६–१९४८) या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या कॅथलिक धर्मगुरूंनी ९० डॉलर उसने घेऊन १२ डिसेंबर १९१७ रोजी ओमाहा शहरातील एका भाड्याच्या घरात पाच मुलांसह ही संस्था सुरू केली. १९२१ मध्ये ती शहराबाहेरच्या ‘ओव्हरलुक फार्म’ या शेतावर हलली आणि १९३६ मध्ये त्या वस्तीला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला. संस्थेचा खर्च मुख्यतः टपालाने मागितलेल्या देणग्यांवर चालत असल्यामुळे फ्लॅनगन यांचे नाव असलेले कागद अमाप निघाले, मात्र त्यांचा हात लागलेले कागद त्या मानाने फारच थोडे.

या दोहोंतील भेद ओळखण्याचे काम दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली होते. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत शिरते, त्यामुळे रेघेची कड किंचित फुटलेली दिसते. जिथे एक रेघ दुसरीवरून जाते तिथे शाई गडद होते, आणि जिथे लेखणी क्षणभर थबकली असेल तिथे बारीकसा थेंब साचलेला असतो. ऑफसेट पद्धतीने, म्हणजे रबरी पृष्ठभागावरून कागदावर उतरवलेल्या छपाईत यातले काहीही आढळत नाही. तिथे शाई आरंभापासून अंतापर्यंत सारख्याच थराची असते आणि छेदणाऱ्या रेघा एकमेकींत विरघळून एकच आकृती होतात. रबरी शिक्क्याने उठवलेल्या सहीत उलट प्रकार घडतो, कारण दाबामुळे शाई कडांकडे सरकते आणि रेघेचा मध्य फिका राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेल्या सही करणाऱ्या यंत्राची, ज्याला ऑटोपेन म्हणतात, शाई खरी असली तरी तिचा दाब निर्जीव असतो. अशा वेळी दोन पत्रे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरणे हा सर्वांत साधा आणि बहुतेकदा पुरेसा उपाय ठरतो, कारण कोणाही माणसाच्या दोन सह्या वळणावळणाने जुळत नाहीत. उरतो तो चिटणिसाने साहेबांच्या वतीने हाताने केलेल्या सहीचा प्रश्न. तिथे भिंग काहीच सांगत नाही, अक्षराच्या वळणाची जाण तेवढी उपयोगी पडते, आणि अनुभवी संग्राहकही तिथेच फसतात.

सहीबरोबर कागदाचा काळही जुळावा लागतो. फ्लॅनगन यांना मॉन्सिन्यॉर ही मानाची धर्मपदवी १९३७ मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीची तारीख घातलेल्या पत्रशीर्षावर ती छापलेली असेल तर संशय घ्यावा. तसेच आपल्या पिनकोडसारखा पाच आकडी झिप क्रमांक अमेरिकेत १९६३ मध्ये आला, म्हणून तो असलेला कागद फ्लॅनगन यांच्या हयातीतला असू शकत नाही. पाकीट फेकून देऊन पत्र तेवढे जपण्याची सवय या दृष्टीने घातक आहे, आणि सहीपुरता तुकडा कात्रीने कापून वहीत चिकटवण्याची जुनी रीत तर त्याहून वाईट, कारण तारीख, मजकूर आणि टंकलेखकाची आद्याक्षरे हे सारे पुरावे त्या कात्रीबरोबरच जातात.

आवाहनपत्रे इतकी का निघाली याला एक कारण चित्रपटाचेही आहे. संस्थेवर १९३८ मध्ये निघालेल्या चित्रपटात स्पेन्सर ट्रेसी यांनी फ्लॅनगन यांची भूमिका केली आणि त्याबद्दल मिळालेले ऑस्कर संस्थेला दिले, ते आजही तिथे आहे. पण चित्रपटामुळे संस्था श्रीमंत झाली असा लोकांचा समज होऊन देणग्या उलट आटल्या व पुन्हा पत्रे धाडावी लागली. पुढे पत्रांचा हा ओघ इतका वाढला की १९७२ मध्ये ओमाहातील सन न्यूजपेपर्सने, वर्षाला कोट्यवधी पत्रे पाठवणाऱ्या या संस्थेपाशी २० कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता असल्याचे उघड केले, आणि त्या वृत्तमालिकेला १९७३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

स्मरणवस्तूंमध्ये नाताळच्या पत्रांसोबत येणाऱ्या, मागे गोंद लावलेल्या शोभेच्या तिकिटांना (ती टपालाची तिकिटे नव्हेत) संग्राहक विशेष मान देतात. धाकट्याला पाठुंगळी घेतलेल्या मुलाचे चित्र हे संस्थेचे बोधचिन्ह झाल्यामुळे ते अनेक वस्तूंवर दिसते. पूर्ण संच म्हणजे पत्र, न फाडलेला तिकिटांचा ताव आणि देणगी घालून परत पाठवायचे पाकीट. आता ज्याने देणगी पाठवली त्याने ते पाकीट वापरलेच, तेव्हा पाकिटासकट संच सहसा ज्या घरातून पैसे गेले नाहीत तिथूनच मिळतो. फ्लॅनगन यांचे चित्र असलेले चार सेंटचे टपाल तिकीट १४ जुलै १९८६ रोजी बॉइज टाउन येथेच प्रकाशित झाले. त्याच्या प्रथम दिवस आवरणावर, म्हणजे त्या दिवसाचा शिक्का मारलेल्या पाकिटावर, सही असलीच तर ती नंतरच्या कोणा पदाधिकाऱ्याची असणार, तरी विक्रेते ‘फ्लॅनगन, सहीसह’ असे बेधडक लिहितात. टपाल तिकिटांचा नाद मुळात तिथल्या मुलांनाही होता, आणि १९५० च्या दशकात त्यांनी वापरलेली तिकिटे एकावर एक चिकटवून सुमारे ६०० पौंड वजनाचा जो गोळा बनवला, तो गावातल्या तिकीट संग्रहालयात पाहायला मिळतो.

क्वचित एखाद्या गठ्ठ्यात मुलाने स्वतः पेन्सिलीने आखलेल्या कागदावर लिहिलेले, देणगीदाराचे आभार मानणारे पत्रही निघते. त्यावर नाव असते, कधी आईचा उल्लेख असतो, आणि लिहिणारा आज हयात असण्याचा संभव असतो. अशा पत्राची किंमत करणे रास्त नव्हे. ते विकत घेऊन संस्थेच्या अभिलेखागाराकडे सोपवावे आणि आपल्या नोंदवहीत साल, कागदाचा प्रकार व मजकुराचा विषय एवढेच लिहून नावाची जागा कोरी ठेवावी.