कासवाआधी टाकी तपासा

मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या टाकीत हिरवी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेली असतात. डोळ्यामागे लाल पट्टा, कवच जेमतेम दोन इंचांचं. सोबत प्लास्टिकचा उथळ डबा आणि वाळलेल्या कोळंबीची डबी असा संच मिळतो आणि मुलाच्या वाढदिवसाला तो घरी येतो. हे रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याची मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. त्या उथळ डब्यात मात्र तिला पहिलं वर्ष काढणंही जड जातं.

पाळीव कासवांचे आजार पुष्कळ आहेत, पण मुळाशी जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा ऊब, ऊन, पाणी आणि खाणं या चारांपैकीच काहीतरी चुकलेलं सापडतं. अडचण अशी की चूक झाल्यावर कासव लगेच सांगत नाही. त्याच्या शरीराचा सगळा कारभार संथ. आठवडाभर न जेवता ते धडधाकट दिसू शकतं आणि महिनोन्‌महिने कुपोषित राहूनही हातपाय हलवत राहतं. घरच्यांना ‘आज जरा मलूल वाटतंय’ असं जाणवतं, तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो.

सुरुवात उबेपासून करू. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान टिकवू शकत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. स्लायडरला पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस लागतं आणि पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी ३० ते ३५ अंशांची जागाही लागते. पचन आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही या तापमानावर चालतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात किंवा मुंबईत रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत टाकीचं पाणी विशीच्या खाली सहज उतरतं. कासव खाणं सोडतं, कोपऱ्यात पडून राहतं आणि घरात म्हणतात, ‘हिवाळ्यात कासवं झोपतातच.’

हा समज फार महागात पडतो. अमेरिकेतल्या थंड प्रदेशात स्लायडर हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी निपचित राहतात हे खरं आहे. पण त्याआधी त्यांनी खाणं थांबवून पोट रिकामं केलेलं असतं, आणि पाणी इतकं थंड असतं की शरीराच्या गरजाच अगदी कमी होतात. आपल्या घरातलं १८-२० अंशांचं पाणी त्या झोपेसाठी पुरेसं थंड नसतं आणि पचनासाठी पुरेसं ऊबदारही नसतं. पोटातलं अन्न तसंच सडतं, प्रतिकारशक्ती खालावते आणि जंतूंचं फावतं. आपल्याकडच्या घरात स्लायडरला झोपवण्याची गरजच नाही. थर्मामीटर आणि हीटर घ्या. हीटरला प्लास्टिकची जाळी हवी, कारण मोठं कासव धडक देऊन काच फोडतं. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा.

थंडीनंतर सर्वांत जास्त दिसतो तो न्यूमोनिया. आपण श्वास घेतो तो बरगड्या आणि श्वासपटलाच्या हालचालीने. कासवाच्या बरगड्या पाठीच्या कवचातच जुळून गेलेल्या असतात, त्या हलत नाहीत. फुप्फुसं कवचाच्या छताला लागून असतात आणि पोटाचे व पायांच्या मुळाशी असलेले स्नायू ती फुगवतात-दाबतात. त्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. कफ आतच साचतो. अशा कासवाकडे टाकीसमोर बसून पाच मिनिटं नीट पाहा. ते पोहताना एका बाजूला कलतं. डावी कड पाण्याबाहेर, उजवी बुडालेली. खाली जायला पाय मारतं, पण भरलेल्या फुप्फुसाची बाजू जड असल्यामुळे पुन्हा तसंच तिरपं वर येतं. नाकाशी बारीक बुडबुडे दिसतात, मान ताणून तोंड उघडून ते श्वास घेतं. पोटात वायू झाला तरी कासव तिरपं तरंगू शकतं, निदान एक्स-रेने होतं. पण निदान काहीही निघो, तिरपं पोहणारं कासव त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

दुसरी मोठी चूक उन्हाची. कवच हा सांगाड्याचाच भाग आहे, वरून केराटिनच्या चकत्यांनी झाकलेलं जिवंत हाड. त्याला कॅल्शियम लागतं, आणि अन्नातलं कॅल्शियम शोषायला ड-३ जीवनसत्त्व. ते त्वचेत तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे. ‘आमची टाकी खिडकीतच आहे, ऊन भरपूर येतं’ हे वाक्य कासव पाळणाऱ्यांकडून हमखास ऐकायला मिळतं. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. आत येतो तो प्रकाश आणि उष्णता. उष्णतेने बंद टाकीतलं पाणी तापून कासव दगावू शकतं, आणि यूव्हीबी तर मिळतच नाही. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून ओढायला लागतं. कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतं, तो आजार नव्हे. पण चार इंचांच्या कासवाचं कवच अंगठ्याने दबलं, तर हाडं पोखरली गेली आहेत असं समजावं. वाकडं झालेलं कवच उपचारांनी घट्ट होतं, सरळ मात्र होत नाही.

आपल्याकडे ऊन फुकट आहे, हे आपलं भाग्य. सकाळच्या कोवळ्या उन्हात पाण्याचा टब ठेवा, अर्ध्या भागावर सावली हवीच. जवळ कुणीतरी बसून राहा, कावळे आणि घारी लहान कासव सहज उचलतात. हे रोज जमणार नसेल तर यूव्हीबीचा दिवा लावा. तो पेटत राहिला तरी त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा टाकीत सोडावा. माकूळ जातीच्या जिवाचं हे पांढरं हाड काष्ठौषधीच्या आणि पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतं. कासव ते हवं तेव्हा कुरतडतं.

खाण्यातली चूक डोळ्यांत दिसते. नुसत्या वाळलेल्या कोळंबीवर वाढलेल्या पिल्लाला अ जीवनसत्त्व पुरत नाही. डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींच्या नळ्यांचं अस्तर जाड होतं, नळ्या बुजतात आणि पापण्या टच्च फुगून मिटतात. स्लायडर भक्ष्य पाहून खातं. डोळे मिटले की जेवण बंद, जेवण बंद म्हणून कमतरता आणखी वाढते. मेडिकलमधून आणलेले डोळ्यांचे थेंब इथे मूळ दुखण्याला हातच लावत नाहीत. याच कमतरतेमुळे कधी डोळ्यामागे, कानाच्या जागी गाठ येते. कासवाचा पू पातळ नसतो, त्याचा घट्ट गोळा बनतो आणि तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. चांगल्या पेलेट्स, काट्यांसकट लहान मासे, गांडुळं, आणि वाढत्या वयाबरोबर जास्तीत जास्त पाला, असा आहार ठेवा. शेवग्याची पानं, गाजर, लाल भोपळा उत्तम. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. भात, पोळी, पाव, दूध मुळीच नको.

पाण्याबद्दल एकच हिशेब सांगते. कवचाच्या दर इंचाला सुमारे ४० लिटर पाणी, म्हणजे दहा इंचांच्या मादीला ४०० लिटर. दुकानातल्या त्या डब्यात एखाद-दोन लिटर मावतं. कमी पाण्यात विष्ठेतून निघालेला अमोनिया साठतो, कवचावर खड्डे पडतात, वास येतो, चकतीखालून ओलसर लिबलिबीत थर निघतो. हे कवच कुजणं. याउलट कोरडे, पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटणं ही निरोगी वाढ आहे, ते ओढून काढू नका. पोटाकडचं कवच गुलाबी-लाल दिसू लागलं तर जंतू रक्तात गेल्याची शक्यता असते, तिथे एक दिवसही थांबू नये. फिल्टर टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा आणि त्यातला स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मारतं.

मादी नराशिवायही अंडी घालते. माती नसली की ती अंडी पोटात अडकतात. मोठी मादी अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी काच खरवडू लागली, तर तिला ओलसर मातीचा खोल टब द्या आणि एक्स-रे काढून घ्या.

औषधांचे प्रयोग घरी करू नका. कुत्र्यांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला जिवावर बेतू शकतं. कासवाची प्रतिजैविकं वजनावर मोजून, कधी तीन दिवसांतून एकदा द्यावी लागतात. प्रत्येक पशुवैद्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव नसतो, असा डॉक्टर कासव निरोगी असतानाच शोधून ठेवा. दर आठवड्याला छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. डोळ्यांना न दिसणारा आजार त्या आकड्यांत आधी दिसतो. हा काटा स्वयंपाकघरातला नको. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असतात. लहान मुलं पिल्लं तोंडात घालत, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

आणखी दोन गोष्टी. स्टार कासव किंवा आपल्या ओढ्या-विहिरींतली मऊ पाठीची कासवं घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कुणी शुभ म्हणून दिलं तरीही. असं कासव दिसलं तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि स्लायडर सांभाळणं झेपेनासं झालं तर त्याला तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. जगातल्या शंभर अतिघातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, ते स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. त्याला जागा देऊ शकेल असं माणूस किंवा निवारा केंद्र मिळेपर्यंत सांभाळा. आणि ज्यांनी अजून घेतलेलं नाही, त्यांनी दुकानात जाण्याआधी ४०० लिटरची टाकी घरात कुठे बसेल, ते टेपने मोजून पाहावं.