घरची मोटारदुरुस्ती आणि दहा नंबरचा पाना

मोटार आपल्या घरांत येऊन आतां बराच काळ लोटला. परंतु तिच्याबरोबर जीं हत्यारें येतात तीं मात्र अद्यापि आपल्या घरांत रुळलेलीं नाहींत. पोळपाट कोठें असतो हें पांच वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतें. देवघरांतील पळी-पंचपात्र पिढ्यान् पिढ्या एकाच कोनाड्यांत सांपडतें. अडकित्ता जागेवर नसला तर आजोबा सारें घर डोक्यावर घेतात. पण पाना, पक्कड, पेचकस ही मंडळी आश्रितासारखी घरभर फिरत असते, आणि ज्या दिवशीं तिची गरज पडावी त्या दिवशीं नेमकी परगांवीं गेलेली असते.

स्वतःची गाडी स्वतः उघडून पाहणारांचा संप्रदाय आपल्याकडे चांगला जुना आहे. त्याला खरा आश्रय मिळाला तो फियाटीचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत जी ‘११०० डिलाइट’ तयार होऊं लागली, तीच १९७४ पासून ‘पद्मिनी’ हें नांव धारण करून मध्यमवर्गीयांच्या दारांत उभी राहिली. १,०८९ घनसेंटिमीटरांचें चार नळकांड्यांचें इंजिन, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर, आणि बॉनेट उघडल्यावर आंत दोन्ही हात घालावयास भरपूर मोकळी जागा. अशी गाडी चालेनाशी झाली कीं पेट्रोल पोंचत नाहीं किंवा ठिणगी पडत नाहीं, या दोहोंपैकीं एक पक्ष बहुधा खरा निघे. आणि पक्ष-प्रतिपक्ष करावयास ज्याला शिकविलें आहे अशा कोणाही गृहस्थाला त्याचा निर्णय अर्ध्या तासांत लावतां येई. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. पण तिच्यावर हात काळे करून शिकलेले काका-मामा घरोघर अजून आहेत, आणि नव्या गाडीचें बॉनेट उघडून ‘यांत कांहीं दिसतच नाहीं’ असें म्हणणारे तेच.

निदान झालें म्हणजे दुरुस्ती झाली, असा सुशिक्षितांचा एक समज असतो. वस्तुतः खरा प्रसंग तेथून पुढें सुरू होतो. निदानाला बुद्धि पुरते, दुरुस्तीला पाना लागतो, आणि तोही नेमक्या नंबराचा.

हे नंबर म्हणजे काय, हें पुष्कळ वाहनधारकांना ठाऊक नसतें. पान्यावर कोरलेला आंकडा बोल्टाच्या जाडीचा नव्हे. बोल्टाच्या षट्कोनी डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमध्यें जें अंतर, त्याचे ते मिलिमीटर. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टाला सामान्यतः दहा नंबरचा पाना लागतो. आठ जाडीच्या बोल्टाला युरोपीय रिवाजाप्रमाणें तेरा, तर जपानी रिवाजाप्रमाणें बारा. आणि दहा जाडीच्या बोल्टाला तिकडे पूर्वापार सतरा, तर इकडे चौदा. म्हणजे फियाटीवर हात बसलेला मनुष्य १९८३ नंतर मारुति घेऊन आला, कीं त्याच्या पेटींतील तेरा आणि सतरा हे दोन कर्ते पुरुष एका दिवसांत पेन्शनींत निघत, आणि बारा व चौदा यांचा तर पेटींत जन्मच झालेला नसे. अँबॅसडरवाल्यांची गोष्ट निराळी. ती गाडी ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची वंशज असल्यामुळें मूळची इंची परंपरेंतली. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो, निदान बसल्यासारखा वाटतो. परंतु मध्यें जी ०.३ मिलिमीटरची फट राहते ती जोर लावतांच नटाचे कोपरे खाऊन टाकते. पाऊण इंच मात्र १९.०५ मिलिमीटर भरतो, म्हणून एकोणीस नंबर तेथें बिनतक्रार चालतो. या एका योगायोगावर कित्येकांनीं भलताच विश्वास टाकलेला आहे. इंग्लंडांत व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांची जी पद्धत घालून दिली, तिच्या पान्यांवर तर डोक्याचें माप नसून बोल्टाच्या जाडीचें माप लिहिलेलें असे. आजोबांच्या पेटींत असा एखादा पाना निघाला तर त्यावरील आंकडा वाचून तो उचलणें व्यर्थ होय.

षट्कोनाचीही एक गंमत आहे. साठ अंशांच्या वळणानें नट पुनः पहिल्यासारखा दिसूं लागतो. पण इंजिनाच्या कोपऱ्यांत पाना साठ अंश फिरविण्याइतकी जागा असते कोठें? म्हणून तोंडाच्या पान्याचें तोंड दांड्याशीं पंधरा अंशांनीं तिरपें ठेवलेलें असतें. एकदां फिरवावा, काढून उलटा करावा, पुनः बसवावा. मग तीस अंशांची फट असली तरी काम भागतें. पुष्कळांना हा तिरपेपणा कारखान्याचा दोष वाटतो. एका सद्गृहस्थांनीं तर दुकानदाराशीं वाद घालून सरळ तोंडाचा पाना मागितल्याचें माझ्या ऐकिवांत आहे.

आतां दहा नंबराकडे वळूं. जगांतील यच्चयावत् हौशी कारागीर ज्याच्या नांवानें उसासे टाकतात तो हा पाना. तोच कां हरवावा? पहिलें कारण, तोच सर्वांत अधिक वापरला जातो. बॅटरीच्या टोकांवरील चिमटा, एअर फिल्टरचें झांकण, तारा आणि नळ्या धरून ठेवणाऱ्या असंख्य पट्ट्या, सर्वत्र सहा मिलिमीटरचा बोल्ट. जो दिवसांतून वीस वेळां हातांत येतो तो वीस वेळां खालीं ठेवला जातो, आणि प्रत्येक वेळीं निराळ्या ठिकाणीं. दुसरें कारण, तो लहान. जुन्या गाडींत हातांतून निसटलेला पाना खणकन् जमिनीवर पडे व वांकून उचलतां येई. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांना इंजिनाखालीं एक पत्रा किंवा प्लॅस्टिकचें आच्छादन असतें. पाना त्यावर निवांत पहुडतो, आणि धन्याबरोबर खंडाळ्याचा घाट चढून-उतरून येतो तरी धन्याला त्याचा पत्ता नसतो.

व्याकरणांत एखादा प्रत्यय दिसेनासा झाला कीं त्याला लोप ही संज्ञा आहे, आणि प्रत्यय लुप्त झाला तरी त्यामुळें होणारें कार्य टळत नाहीं असें वैयाकरण मानतात. दहा नंबराचें नेमकें असेंच. पाना लुप्त होतो. त्याचें कार्य मात्र, म्हणजे अर्धवट सुटलेला नट, समोर तसेंच उरतें.

एकत्र कुटुंबांत या लोपाला आणखी वाटा असतात. पाश्चात्य गृहस्थाचें हत्यार त्याच्या गॅरेजांत असतें आणि गॅरेजाची किल्ली त्याच्या खिशांत. आपल्याकडे हत्यार कोणा एकाचें नसतेंच. पक्कड तापलेलें भांडें उतरवावयास स्वयंपाकघरांत जाते व तेथेंच संसार थाटते. पेचकसानें डब्याचीं झांकणें उघडलीं जातात. हातोडी नारळासाठीं. रिंग पाना पडद्याच्या दोरीला ओळंबा म्हणून लटकतांना मीं स्वतः पाहिला आहे. गाडी उचलून धरण्याचे तीन पायांचे लोखंडी आधार उन्हाळ्यांत गच्चीवर जातात, कारण त्यांवर फळी टाकली कीं कुरडया-पापड घालावयास छान सोय होते. हें सर्व करणारांना दोष तरी कसा द्यावा? त्यांचीही कामें खोळंबलेलीं असतात, आणि त्यांची कामें रोजचीं असतात.

परंतु याचा परिणाम कोठवर जातो तें सांगतों. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत, एका शनिवारीं दुपारीं, माझे धाकटे बंधु व पुतण्या यांनीं घरच्या जुन्या मोटारीचे मागचे ब्रेक उघडले. आमची गाडी वाड्याच्या बोळांत उभी असते, आणि बोळ एका गाडीपुरताच रुंद आहे. आरंभींच लोखंडी आधार जागेवर नव्हते. पुतण्या म्हणाला, “काका, चार विटा रचूं, तासाभराचें तर काम.” त्याला मीं साफ नकार दिला. वीट दाब सोसते असें दिसतें. पण ती फुटते तेव्हां आगाऊ सूचना देत नाहीं, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे तर प्राण गहाण टाकणें होय. तेव्हां गच्चीवरचे पापड हलवून आधार खालीं आणले. चाक उतरलें, ड्रम निघाला, आंतला सिलिंडर गळत होता तो बदलावयाचा ठरला. त्याची नळी सोडविली. ज्या दोन बोल्टांवर तो बसतो त्यांतला एक निघाला; दुसऱ्यासाठीं हात मागें केला, तों दहा नंबर नाहीं. पांच मिनिटांपूर्वीं होता. पायरीवर, पायरीखालीं, तुळशीवृंदावनाजवळ, पोरांच्या खिशांत, सगळीकडे शोध झाला. नाना पेठेंतील दुकानें तोंवर बंद झालेलीं. ब्रेकची नळी उघडी, एक चाक नाहीं. गाडी पुढेंही जाईना, मागेंही.

त्याच रात्रीं दोनच्या सुमारास आमच्या थोरल्या वहिनींना धाप लागली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, ती बोळाच्या तोंडाशीं थांबली. तिचें स्ट्रेचर गाडीच्या बाजूनें आंत येईना. शेवटीं वेतोच्या खुर्चींत बसवून पुतण्यानें आणि शेजारच्या दोघा मुलांनीं त्यांना उचलून नेलें. गाडी आणि भिंत यांच्यामध्यें खुर्ची आडवी करावी लागली. तशाही स्थितींत वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तुमचा तो पाना सांपडला का?” पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या. पाना सांपडला नाहीं. सोमवारीं नवा आणला व काम दहा मिनिटांत झालें. त्या दिवसापासून बंधूंनीं एक शिस्त घातली आहे. चाकाला हात लावण्यापूर्वीं जुन्या पंचावर सर्व हत्यारें ओळीनें मांडावयाचीं, लागणारा प्रत्येक नंबर डोळ्यांनीं पाहावयाचा, आणि एक जरी कमी असला तरी गाडी उघडावयाची नाहीं. शिवाय काम करावयाचें तें सकाळीं, दुकानें उघडीं असतांना.

हत्याराविषयींची ही अनास्था आपल्या वर्गांत जरा अधिकच आहे, असें मला स्पष्ट वाटतें. लेखणी पडली तर आपण ती उचलून कपाळाला लावतों. दसऱ्याला शस्त्रपूजन म्हणून पेटी पुसून तिच्यावर झेंडूचें फूलही वाहतों. आणि एकादशीला तींतलाच पाना मोरीच्या नळाखालीं भिजत पडलेला असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. पुढें १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. त्यांच्या उद्योगाचीं चरित्रें आपण मुलांना वाचावयास देतों, पण मुलाच्या हाताला वंगण लागलें कीं प्रथम ‘हात धू’ म्हणून ओरडतों. हात धुवावेतच, रॉकेलच्या बोळ्यानें आणि मग साबणानें. पण पाना पुसून ठेवण्याचें त्याला त्याआधीं कोणी सांगत नाहीं.

नेमकें हत्यार नसलें म्हणजे मनुष्य पर्याय शोधतो, आणि येथें विवेक लागतो. कांहीं पर्याय निर्दोष आहेत. लोखंड कापण्याच्या करवतीचें पातें साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतें. जुन्या गाडीच्या प्लगचें अंतर त्यानें मापणारे मिस्त्री अडाणी नव्हेत. इंजिनांत पडलेला नट काढावयास दोरीला बांधलेलें लोहचुंबक पुरतें. परंतु पक्कडीनें नट फिरविणें हा पर्याय नसून अपराध आहे. नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग खरा पाना आला तरी तो तेथें नुसता गरगर फिरतो. तसाच अपराध पान्याला लांब नळी जोडून जोर वाढविण्याचा. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला सुमारें दहा न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाशीं चार-पांच किलोंचा दाब. व्यायामशाळेंत जाणाऱ्या तरुणानें त्याच्या तिप्पट लावला कीं बोल्टाचें डोकें हातांत येतें व धड आंत राहतें. तें काढण्याचें हत्यार कोणाच्याच घरांत नसतें.

सुटा पाना हवा असेल तर पुण्यांत रविवारीं आणि बुधवारीं जुना बाजार भरतो. तेथें घासाघीस केली तर चांगल्या पोलादाचा जुना पाना नव्या चकचकीत पान्याहून बरा मिळतो. मात्र त्याचें तोंड पसरलेलें नाहीं ना, हें एखाद्या नव्या नटावर बसवून पाहावें. संचाची पेटी घेणारांनीं त्याच वेळीं दहा नंबराचे आणखी दोन नग घ्यावेत, एक तोंडाचा व एक रिंगचा.

आमच्या बंधूंनीं आतां जिन्याखालीं एक फळी ठोकून तिच्यावर प्रत्येक हत्याराभोंवतीं पांढऱ्या रंगानें रेघ ओढली आहे, म्हणजे कोणतें जागेवर नाहीं तें लांबूनच कळावें. वहिनींना ती कल्पना इतकी आवडली कीं स्वयंपाकघरांतील झाऱ्या-उलथन्यांसाठींही त्यांनीं तशीच फळी करून घेतली. गेले आठ महिने सर्व रेघा भरलेल्या आहेत. अपवाद एका दहा नंबराचा. त्या रेघेंत सध्यां धाकट्या नातीची सायकलची किल्ली टांगलेली असते.