चारचा चहा

वृद्धाश्रमातला दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दुपारी चारला. साडेतीनपासूनच व्हरांड्यातल्या खुर्च्या भरू लागतात, आणि किटली आली की सकाळपासून अबोला धरलेलेही बोलते होतात.

अशाच एका आश्रमात मध्यंतरी एका आजोबांच्या थरथरत्या हातातला काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मांडीवर कलंडला. ‘काही नाही, काही नाही,’ म्हणत ते तसेच बसून राहिले. चारचौघांत सांडलं, याची लाज चटक्याहून मोठी होती. भिजलेलं धोतर अंगाला चिकटून भाजतच राहिलं. फोड दिसले ते संध्याकाळी, कपडे बदलताना. जखम भरल्यावरही आजोबा चहाला ‘नको’च म्हणू लागले.

हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली दाखवून दिलं, की ६० अंश सेल्सियसचं पाणी सुमारे पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. नुकताच ओतलेला चहा याहून गरम असतो. त्यातून म्हातारपणीची कातडी पातळ. तरुण माणूस ताडकन उठतो, कपडा झटकतो. संधिवाताच्या गुडघ्यांना पाच सेकंदांत खुर्ची सोडता येत नाही. मधुमेहात पायांना चटका जाणवतच नाही, असंही होतं.

मग कोमट चहा द्यावा का? ती तर थट्टाच झाली! किटलीतला चहा चार-पाच मिनिटं निववावा, कप अर्धाच भरावा, हवा तर पुन्हा द्यावा. कप रुंद बुडाचा, कानाचा असावा आणि तो हातात न देता टेबलावर ठेवावा. अर्धांगवायू झालेल्यांच्या धडधाकट हाताच्या बाजूला. आपली जुनी बशी काही वेडेपणा नव्हती. पसरट भांड्यात चहा लवकर निवतो. स्टीलच्या पेल्याने ती सोय घालवली.

तरीही सांडलंच, तर आधी ओला कपडा दूर करावा (चिकटला असेल तर ओढू नये) आणि नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडावं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. फोड आले तर डॉक्टर गाठावा.

त्या आश्रमात आता व्हरांड्यात दोन लांब टेबलं आली आहेत. सगळ्यांनाच अर्धा कप मिळतो, त्यामुळे कुणी वेगळं पडत नाही. आजोबा परवा तिथे बसले होते. पहिला अर्धा कप संपवून त्यांनी किटलीवाल्या बाईंना हाक मारली, ‘अहो, आमचा उरलेला अर्धा कुठाय?’