विश्लेषण : मूलनिवासींच्या घरांचे नियम कोण ठरवणार? कॅनडातील ‘बीसी हाउसिंग’ला सल्लामसलतीची गरज का?

घर कोणाला द्यायचे, त्यात खोल्या किती आणि माणसे किती, हे सारे आजवर सरकारी कार्यालयातच ठरत आले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ‘बीसी हाउसिंग’ या सरकारी गृहनिर्माण संस्थेने मात्र मूलनिवासींशी सलोख्याचे धोरण आखताना त्यांच्याशीच सल्लामसलतीचा मार्ग धरला. त्याची गरज का भासली आणि त्यातून काय बदलू शकते, याविषयी...

सलोख्याचा घरांशी संबंध काय?

कॅनडात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यात आले. या इतिहासाची चौकशी करणाऱ्या ‘सत्य आणि सलोखा आयोगा’ने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांत घरांसाठी स्वतंत्र शीर्षक नव्हते. बेपत्ता आणि हत्या झालेल्या मूलनिवासी महिलांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीने २०१९ मध्ये मात्र नवी घरे आणि जुन्या घरांची दुरुस्ती तातडीने करण्याची मागणी केली.

परिस्थिती किती बिकट?

२०२१ च्या जनगणनेनुसार १७.१ टक्के मूलनिवासी दाटीवाटीच्या घरांत राहतात. मोठ्या दुरुस्तीची गरज असलेल्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण मूलनिवासींमध्ये १६.४ टक्के, तर इतरांमध्ये ५.७ टक्के आहे. व्हँकुव्हर महानगर परिसराच्या २०२३ मधील गणनेत बेघरांपैकी सुमारे एक तृतीयांश मूलनिवासी आढळले. लोकसंख्येत त्यांचा वाटा तीन टक्केही नाही.

विचारल्याशिवाय काय चुकते?

कॅनडाच्या राष्ट्रीय निकषानुसार एका शयनगृहात दोनपेक्षा जास्त माणसे नकोत. आजी, मावशी, भाचरे असे एकत्र राहणारे कुटुंब या हिशेबात ‘जास्त माणसांचे’ ठरते आणि त्यांना साजेसे मोठे घर उपलब्धच नसते. प्रार्थनेच्या वेळी वनस्पती जाळून धुरी देण्याची प्रथा इमारतीतील धूम्रपानबंदी आणि धूरसूचक यंत्रांच्या आड येते. अशा अडचणी नकाशावर दिसत नाहीत. त्या घरात राहणाऱ्यांनाच ठाऊक असतात.

कायदा काय सांगतो?

मूलनिवासींच्या हक्कांवर परिणाम होऊ शकणाऱ्या निर्णयांआधी सल्लामसलत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘हायडा नेशन’ खटल्यात स्पष्ट केले. ब्रिटिश कोलंबियाने २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्याशी प्रांतातील कायदे सुसंगत करण्याचा कायदा केला. आपल्या घरांचे कार्यक्रम ठरवण्यात सहभागी होण्याचा आणि शक्यतो ते आपल्याच संस्थांमार्फत राबवण्याचा हक्क हा जाहीरनामा देतो.

प्रत्यक्षात काय बदलले?

राखीव क्षेत्रातील घरे ही केंद्राची जबाबदारी, असे म्हणत प्रांत हात झटकत असत. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये ती चौकट मोडली. १० वर्षांत ५५ कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून १,७५० घरांचा निधी जाहीर झाला. तो राखीव क्षेत्राच्या आत आणि बाहेरही वापरता येतो. असे करणारा हा कॅनडातील पहिला प्रांत ठरला. शहरी भागातील मूलनिवासी गृहसंस्थांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘अ‍ॅबोरिजिनल हाउसिंग मॅनेजमेंट असोसिएशन’ ही मूलनिवासींचीच संस्था पाहते.

अडचणी कोणत्या?

प्रांतात २०० हून अधिक ‘फर्स्ट नेशन्स’ समुदाय आहेत. प्रत्येकाची जमीन आणि गरज वेगळी. अनेकांकडे कर्मचारी मोजकेच, आणि चर्चेसाठी प्रत्येक सरकारी खात्याचे पत्र मात्र स्वतंत्र येते. शिवाय शहरांत राहणाऱ्या मूलनिवासींच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न वेगळाच.

सर्वांत मोठा धोका म्हणजे आराखडा आधी पक्का करायचा आणि मग मत मागायचे. तसे झाल्यास सल्लामसलत केवळ उपचार उरते. म्हणूनच बैठका किती झाल्या यापेक्षा खोल्यांची संख्या, वाटपाचे नियम आणि निधीवरील नियंत्रण किती बदलले, हीच सलोख्याची खरी कसोटी ठरेल.