दीड किलोचा मेंदू, १३२ टनांचा चुंबक

माणसाचा मेंदू भरतो जेमतेम दीड किलो. आणि त्याची चित्रं काढायला फ्रान्सने बांधलेला एमआरआयचा चुंबक? १३२ टन! आपल्या २४ डब्यांच्या एक्स्प्रेस गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. त्याहूनही हा जड. पॅरिसजवळच्या न्यूरोस्पिन संस्थेत तो बसवलाय. संस्थेचे संस्थापक देनी ल बिआं हे रेडिओलॉजिस्ट, शिवाय भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. असा चुंबक बांधायची हिंमत अशाच जोडविद्येतून येते.

चला, आत डोकावू. आत १८२ किलोमीटर अतिवाहक तार गुंडाळलीय. सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने ती अंथरत निघालात, तर कर्जत मागे पडेल, घाट चढाल, लोणावळाही जाईल, आणि पुणे स्टेशन दहा किलोमीटरवर असताना तार संपेल! तिच्यातून वीज वाहते १,५०० अँपिअर, म्हणजे गीझरचे १५ अँपिअरचे १०० प्लग एकदम. तार गार ठेवायला ७,५०० लिटर द्रवरूप हेलियम, तापमान उणे २७१ अंश. ताऱ्यांमधली पोकळीसुद्धा याहून किंचित उबदार! एवढ्या खटाटोपातून मिळतं ११.७ टेस्लाचं चुंबकक्षेत्र. इस्पितळात दीड किंवा तीन टेस्ला असतं. पृथ्वीच्या क्षेत्राशी तुलना कराल, तर दोन लाख पट!

२०२४ साली जिवंत माणसांच्या मेंदूची पहिली चित्रं जाहीर झाली. वेळ लागला चार मिनिटं. चित्रातला एकेक ठिपका ०.२ मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, एक मिलिमीटर जाड. अख्ख्या मेंदूत असे ठिपके मावतील तीनेक कोटी. चेतापेशी ८,६०० कोटी. करा भागाकार: एका ठिपक्यात सरासरी तीन हजार पेशी, म्हणजे ७२ बर्थचे ४० स्लीपर डबे गच्च!

आता खरी गंमत. ल बिआंनी १९८५च्या सुमारास मेंदूतल्या पाण्याच्या रेणूंची भटकंती एमआरआयवर टिपली. सेकंदाच्या विसाव्या हिश्शात रेणू सरकतो मिलिमीटरचा शंभरावा भाग. चेतातंतूच्या दिशेने तो जास्त सरकतो, आडवा कमी. एवढ्याशा फरकावरून मेंदूतल्या तंतूंच्या वाटा उमटतात!

आणि हे तंतू किती लांब? डेन्मार्कच्या संशोधकांनी मोजदाद केली: विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले आवरणवाले तंतू १,७६,००० किलोमीटर. मुंबई-पुणे नऊशेहून जास्त खेपा! रोज एक केलीत, तर अडीच वर्षं लागतील. पृथ्वीला गुंडाळा: एक वेढा, दोन, तीन, चार... आणि तरी पंधरा हजार किलोमीटर शिल्लक!