अंग बाहेर आलं म्हणजे पिशवी काढायलाच हवी?

लघवी पुरती व्हावी म्हणून खाली उतरलेला भाग बोटाने आत ढकलावा लागतो, आणि हे नवऱ्यालाही ठाऊक नसतं. कित्येक बायका वर्षानुवर्षं असंच रेटतात. ‘चार बाळंतपणं झाली, वय झालं, हे व्हायचंच’ अशी समजूत असते. वय आणि बाळंतपण ही कारणं खरी. पण त्यावर उपाय नाही, हे साफ खोटं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. तिच्या आधारावर मूत्राशय, गर्भाशय म्हणजेच पिशवी, आणि गुदाशय राहतात. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावावा लागला तर, ती ताणते, फाटते. पुढे जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, जड ओझी, लठ्ठपणा आणि पाळी गेल्यावर कमी होणारं इस्ट्रोजेन तिला आणखी सैल करतात. सिझेरियनने धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय दर वेळी पिशवीच उतरते असंही नाही. पुढून मूत्राशय किंवा मागून गुदाशयही योनीत उतरतो. हा कॅन्सर नव्हे; मात्र पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर तपासणी लांबवू नये.

सगळ्यात महागात पडतो तो ‘पिशवी काढली की सुटका’ हा गैरसमज. सैल झालेला आधार पिशवी काढल्याने घट्ट होत नाही. तो नीट बांधला नाही, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्याची चौकशी 2019 मध्ये राज्य सरकारला करावी लागली, हे विसरता कामा नये. वास्तविक पिशवी शाबूत ठेवून ती पट्टीने वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्याच डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी पुढे आणल्या. पुढे मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी त्या मोलाच्या आहेत.

त्रास नसेल, उतार थोडा असेल, तर शस्त्रक्रिया लागतच नाही. पहिला उपाय व्यायामाचा. वारा सरताना रोखून धरावा तसे खालचे स्नायू आवळायचे, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत धरायचं, तितकाच वेळ सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट ताणायचं नाही. फरक कळायला तीन-चार महिने लागतात. व्यायामाने पूर्ण बाहेर आलेलं अंग आत जात नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यात जडपणा खरोखर कमी होतो. दुसरा उपाय पेसरीचा. ही सिलिकॉनची रिंग डॉक्टर मापाने बसवतात, ती योनीत राहून आधार देते. ‘म्हाताऱ्यांसाठीच’ असं काही नाही, तरुण बायकाही ती वापरतात. फक्त ती वेळच्या वेळी काढून धुवायची आणि तपासणी चुकवायची नाही.

लघवी अजिबात होत नसेल किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही लाजून घरी बसू नका. आई, सासू, जाऊ, जिच्याशी बोलता येईल तिला सोबत घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा: नेमकं काय उतरलंय, किती उतरलंय, आणि ऑपरेशनशिवाय काय करता येईल?