परदेशी अनुदान : यंत्र मिळेल, चालवणार कोण?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द आता आजीबाईंनाही पाठ झाला आहे. हातपाय दुखून रात्रभर रडणारे लेकरू, पुन्हा पुन्हा होणारी कावीळ, रक्त चढवायला नागपूरच्या फेऱ्या. ज्या घरात हे नाही, त्याच्या नात्यागोत्यात तरी असतेच. आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही रिपोर्टवर 'एएस' लिहिलेले असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की बाळ 'एसएस' म्हणून जन्माला येईल. लग्नाआधी तपासणी झाली तर हे आधी कळते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले, पण त्याचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. म्हणून आपली मंडळे स्वतःचे तपासणी केंद्र काढायचे म्हणतात आणि आम्हाला विचारतात, "जपान तर बौद्धांचा देश, तिथून काही मिळेल का?"

मिळू शकते. पण बौद्ध आहोत म्हणून नाही. इथे पहिली गल्लत होते. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार नोरिको ओगावा यांच्या दानातून उभे राहिले. ते एका उपासिकेचे दान होते. जपान सरकारची तळागाळातील छोट्या प्रकल्पांसाठीची अनुदान योजना वेगळी. ती १९८९ पासून चालू आहे आणि अनेक देशांतल्या संस्थांना, दवाखान्यांना, शाळांना तिचा लाभ झाला आहे. एका प्रकल्पाला साधारणपणे एक कोटी येनपर्यंत रक्कम मिळते. महाराष्ट्रातल्या संस्थांनी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा. विहार, पुतळा, धम्मपरिषद यांसाठी त्यात पैसा नाही. दवाखान्याची इमारत, उपकरणे, रुग्णवाहिका यांसाठी आहे.

आता खरी अडचण. हे अनुदान वस्तूंसाठी असते. तंत्रज्ञाचा पगार, गाडीचे डिझेल, तपासणीची रसायने, दुरुस्ती, विजेचे बिल हे सगळे संस्थेनेच भागवायचे. एचपीएलसी यंत्र आले, उद्घाटन झाले, फोटो निघाले आणि वर्षभरात रसायनांअभावी त्यावर चादर पडली, तर त्या केंद्राचा उपयोग काय? आमचे स्पष्ट मत आहे की छोट्या मंडळाने हे यंत्र मागूच नये. सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त असते आणि गावातच होते. तिच्यातून एवढेच कळते की रक्तात सिकल आहे की नाही. वाहक आहे की रुग्ण, हे कळायला पुढची तपासणी लागते. ती जिथे होते त्या सरकारी रुग्णालयापर्यंत नमुने नेणारी एक नीट सोयीची गाडी मागावी. डिझेल आणि चाचणीचे सामान यांचा वर्षाचा खर्च आधीच काढून ठेवावा. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यायला सांगितला होता. तो विहाराच्या रंगरंगोटीइतकाच इथेही लागतो.

गाडी मिळाली तर ती ठरलेल्या कामालाच वापरायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती भोंगे लावून फिरली तर पुढच्या पाहणीत उत्तर देणे जड जाईल. भावना आम्हालाही कळतात, पण करारावर सही आपलीच असते.

अर्ज लिहिण्याच्या आधी मात्र एक मोठी पायरी आहे, आणि बहुतेक मंडळे तिथेच अडखळतात. परदेशी सरकारचा पैसा हा कायद्याने 'विदेशी अंशदान' ठरतो. म्हणून एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. तेवढा खर्च नसेल तर 'पूर्वपरवानगी' हा दुसरा मार्ग आहे. तो एका देणगीदाराकडून, एका ठरावीक कामासाठी, ठरलेल्या रकमेपुरता असतो आणि त्याला देणगीदाराचे वचनपत्र जोडावे लागते. दोन्ही मार्गांत नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद लागते, पदाधिकाऱ्यांचे आधार लागते. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. त्यानंतर दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते. एका पदाधिकाऱ्याने पासबुक पिशवीत ठेवून चालवलेल्या मंडळाला हे झेपत नाही.

"मग अमुक मोठ्या संस्थेच्या खात्यावर पैसे घेऊ, ते आपल्याला देतील," असा सल्ला अजूनही दिला जातो. तो धोक्याचा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हे जरूर करता येते : नोंदणी असलेल्या धर्मादाय रुग्णालयाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, गाडी आणि हिशेब त्याचाच राहावा, आणि आपल्या मंडळाने गावातली माणसे जमवावीत, तारीख ठरवावी, पाठपुरावा करावा. मंडळाच्या नावाची पाटी गाडीवर नसेल. नसू द्या.

"दहा टक्के द्या, ग्रँट आणून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. अर्ज थेट जातो, त्याला दलाल लागत नाही. लागतात ती कागदपत्रे : नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागील वर्षांचे लेखापरीक्षण, वस्तूंची तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आणलेली दरपत्रके, जागेचा नकाशा. अर्जात 'समाजाचा सर्वांगीण विकास' लिहिण्यापेक्षा किती गावे, किती लोकसंख्या, जवळची तपासणी किती किलोमीटरवर, एसटी दिवसातून किती वेळा, हे लिहावे. अधिकारी जागा पाहायला येतात तेव्हा हेच विचारतात.

यातले पहिले काम तर कोणाच्याही परवानगीशिवाय सुरू होते. रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने वही घेऊन बसावे आणि लग्नाच्या वयाची मुलेमुली, गरोदर स्त्रिया आणि तपासणी झालेली-न झालेली घरे यांची नोंद करावी. ही वही कुलूपबंद ठेवा. कोणाचा रिपोर्ट काय आला हे विहाराच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात कधीही टाकू नका. एका 'एएस'मुळे मुलीचे ठरलेले लग्न मोडले, तर पुढच्या शिबिराला त्या गावातून कोणी बोट पुढे करणार नाही.